अपुऱ्या गाण्याची पूर्ति

कर्त्याच्या हातून अपुरी राहिलेली कृति दुसऱ्यानें पुरी करावी कीं न करावी, हा वाद नवा नाहीं. साहित्यांत तो फार जुना आहे आणि संगीतांतहि आहे. परंतु आपल्या काळांत या वादाला एक नवें अंग फुटलें आहे. पूर्वीं कर्ता गेला म्हणजे त्याची लेखणी थांबे, त्याचा गळा थांबे. मागें राहिलेलें काम जो पुरें करी तो स्वतःच्या लेखणीनें करी, स्वतःच्या गळ्यानें गाई. आतां गेलेल्या माणसाचा प्रत्यक्ष आवाजच घेऊन त्याच्याभोवतीं नवें गाणें उभें करतां येतें. २ नोव्हेंबर २०२३ रोजीं बीटल्स या जगप्रसिद्ध इंग्रज वाद्यवृंदाचें 'नाउ अँड देन', म्हणजे 'अधूनमधून', या नांवाचें गाणें प्रसिद्ध झालें, तेव्हां तें गाणारे जॉन लेनन यांना जाऊन त्रेचाळीस वर्षें होत आलीं होतीं. या गाण्याची हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे. ती केवळ कुतूहलाची नाहीं. गेलेल्यांच्या वतीनें जिवंतांनीं किती बोलावें, हा प्रश्न तिच्या पोटांत दडलेला आहे.

ज्यांना पाश्चात्य लोकप्रिय संगीताचा फारसा परिचय नसेल त्यांच्यासाठीं चार शब्द आरंभींच सांगतों. लिव्हरपूल या बंदराच्या शहरीं ६ जुलै १९५७ रोजीं एका चर्चच्या जत्रेंत सोळा वर्षांचे जॉन लेनन आणि पंधरा वर्षांचे पॉल मॅकार्टनी यांची गांठ पडली. पुढें जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार त्यांना येऊन मिळाले. ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं 'लव्ह मी डू' ही त्यांची तबकडी निघाली, आणि त्यानंतरच्या अवघ्या सात-आठ वर्षांत या चौघांनीं रॉक या संगीतप्रकाराचें स्वरूपच पालटून टाकलें. १९७० सालीं चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लेनन न्यूयॉर्कला स्थायिक झाले. १९७५ सालीं त्यांना मुलगा झाला, आणि त्यापुढें सुमारें पांच वर्षें लोकांपुढें येण्याचें थांबवून त्यांनीं घरसंसारांत मन घातलें.

परंतु गवई घरांत बसला म्हणून त्याचा गळा मुका होत नाहीं. 'डाकोटा' नांवाच्या इमारतींतील आपल्या घरीं ते पियानोपाशीं बसत, सुचलेली चाल गुणगुणत, आणि विसरूं नये म्हणून साध्या कॅसेटयंत्रावर ती टिपून ठेवीत. १९७७ च्या सुमारास अशाच एका बैठकींत हें गाणें टिपलें गेलें. त्याचें ध्रुवपद जमून आलें होतें. पण कांहीं ठिकाणीं शब्द अजून सांपडावयाचे होते, आणि चाल चांचपडत पुढें सरकत होती. ८ डिसेंबर १९८० च्या रात्रीं त्याच इमारतीच्या दारांत एका माथेफिरूनें गोळ्या झाडून लेनन यांचा खून केला. गाणें जेथें होतें तेथेंच थांबलें.

पुढें चौदा वर्षांनीं, १९९४ सालीं, लेनन यांच्या पत्नी योको ओनो बाई यांनीं पतीच्या अशा घरगुती मुद्रणांच्या फिती मॅकार्टनी यांच्या स्वाधीन केल्या. त्या वेळीं बीटल्स मंडळींचा समग्र इतिहास चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांच्या रूपानें सिद्ध करण्याचें काम चाललें होतें. हयात असलेल्या तिघांनीं ठरविलें कीं, जॉनचीं ही अपुरीं गाणीं आपण पुरीं करावीं आणि चौघांच्या नांवानें प्रसिद्ध करावीं. मॅकार्टनी यांच्या ससेक्समधील ध्वनिमुद्रणगृहांत जेफ लिन या संगीतनिर्मात्याच्या साह्यानें काम सुरू झालें. मित्राचा आवाज फितीवरून ऐकावयाचा आणि आपण त्याला साथ द्यावयाची, हें मनाला सोसणें सोपें नव्हतें. म्हणून जॉन सुटीवर गेला आहे आणि उरलेलें काम आपल्यावर सोपवून गेला आहे, अशी समजूत या तिघांनीं करून घेतली होती. या रीतीनें 'फ्री अ‍ॅज अ बर्ड' हें गाणें डिसेंबर १९९५ मध्यें आणि 'रिअल लव्ह' हें मार्च १९९६ मध्यें बाहेर पडलें. पहिल्या गाण्यांत लेनन यांनीं मधला भाग अर्धवट सोडला होता. तेथें मॅकार्टनी व हॅरिसन यांनीं स्वतःचे शब्द घातले आणि ते स्वतःच गाइले.

तिसरें गाणें म्हणजे आपलें 'नाउ अँड देन'. १९९५ सालीं तें हातीं घेतलें गेलें आणि थोड्याच दिवसांत सोडून द्यावें लागलें. अडचण कोठें होती तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढची सर्व कथा तिच्यावर उभी आहे. घरगुती कॅसेटवर पियानो आणि आवाज हे दोन्ही एकाच वेळीं, एकमेकांत मिसळून उतरले होते. पियानो जवळ आणि मोठा, आवाज त्याच्यामागें दबलेला. त्यांत भर म्हणून विजेची गुणगुण! अमेरिकेंतील वीज सेकंदाला साठ वेळां हेलकावते. त्या हेलकाव्यांचा खर्जांतला नाद फितीवर सारखा घुमत होता. त्या काळचीं यंत्रें स्वरांच्या उंचीवरून ध्वनि गाळून काढीत. परंतु माणसाचा आवाज आणि पियानो हे बव्हंशीं एकाच पट्टींत फिरतात. तांदळांतला कोंडा सुपानें पाखडून निघतो, बारीक कणी चाळणींतून खालीं पडते. पण खडा तांदळाएवढाच असला म्हणजे चाळण काय करील? पियानो काढूं जावें तर आवाजहि त्याच्याबरोबर जाई. हॅरिसन यांनीं नापसंती दर्शविली, आणि तिघांपैकीं एकाचें मन नाहीं म्हटल्यावर काम थांबलें. मात्र थांबण्यापूर्वीं त्यांनीं या गाण्यावर गिटार वाजविली होती, आणि तें मुद्रण जपून ठेवण्यांत आलें. २९ नोव्हेंबर २००१ रोजीं हॅरिसनहि निवर्तले.

यानंतर या गाण्याचें कांहीं होईल असें कोणासहि वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याची किल्ली भलत्याच ठिकाणीं, म्हणजे न्यूझीलंडांत, तयार होत होती. जानेवारी १९६९ मध्यें बीटल्स मंडळींच्या तालमींचें सुमारें साठ तासांचें चित्रण आणि सुमारें दीडशें तासांचें ध्वनिमुद्रण झालेलें होतें. पीटर जॅक्सन या दिग्दर्शकानें त्यावरून २०२१ सालीं 'गेट बॅक' हा प्रदीर्घ माहितीपट तयार केला. तेथेंहि अडचण हीच होती. सर्व ध्वनि एकाच पट्ट्यावर गोळा झालेले. चौघे कांहीं महत्त्वाचें बोलत आहेत आणि त्यावर गिटारीचा खणखणाट चालला आहे! जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनीं यावर निराळा उपाय काढला. संगणकाला असंख्य नमुने ऐकवून त्यांनीं शिकविलें कीं, गिटार अशी वाजते, ढोल असा वाजतो, मनुष्याचा आवाज असा असतो. हें एकदां शिकलें म्हणजे मिश्र ध्वनींतूनहि तें यंत्र एकेक नाद ओळखून बाजूला काढूं लागतें. पूर्वींचें यंत्र चाळणीसारखें होतें. हें नवें यंत्र ताटांत तांदूळ घेऊन निवडीत बसलेल्या गृहिणीच्या डोळ्यासारखें आहे. तें आकार पाहत नाहीं, खडा ओळखतें.

२०२२ सालीं लेनन यांची जुनी फीत या यंत्रापुढें ठेवण्यांत आली, आणि पियानोच्या मागें पंचेचाळीस वर्षें दबलेला आवाज स्वच्छ वेगळा निघाला. मग मॅकार्टनी यांनीं बास गिटार व पियानो वाजविला आणि हॅरिसन यांच्या ढंगाची एक गिटारीची फिरत त्यांच्या स्मरणार्थ त्यांत घातली. रिंगो स्टार यांनीं ढोल वाजविले. १९९५ सालचें हॅरिसन यांचें वादन तर तयारच होतें. बीटल्स मंडळींच्या बहुतेक सर्व तबकड्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन, त्यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनीं व्हायोलिन आदि तंतुवाद्यांच्या साथीची रचना करण्यांत भाग घेतला. ही साथ हॉलिवूडमध्यें मुद्रित झाली. आणि गंमत अशी कीं, आपण बीटल्सच्या गाण्याला साथ देत आहों याचा पत्ता त्या वादकांना लागूं दिला नव्हता. याखेरीज १९६० नंतरच्या दशकांतील तीन जुन्या गाण्यांतून त्यांच्या तरुणपणचे साथीचे स्वर उचलून यांत विणले गेले. गाणें प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादींत तें पहिल्या स्थानीं जाऊन बसलें. त्या यादींत बीटल्सचें गाणें यापूर्वीं पहिलें आलें होतें तें १९६९ सालीं, म्हणजे चौपन्न वर्षांपूर्वीं. पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत त्याला ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें.

यशाची गोष्ट येथें संपते. विचाराची येथून सुरू होते. जून २०२३ मध्यें मॅकार्टनी यांनीं बी. बी. सी. वर बोलतांना या कामीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग झाल्याचें सांगितलें, तेव्हां एकच गिल्ला झाला. यंत्रानें लेनन यांचा खोटा गळा बनविला असा पुष्कळांचा ग्रह झाला. नवा कृत्रिम स्वर एकहि निर्माण केलेला नाहीं, असा खुलासा मॅकार्टनी यांना करावा लागला. या गोंधळाचें मूळ असें कीं, दोन अगदीं भिन्न कामांना लोक एकाच नांवानें ओळखत होते.

या दोन कामांतला भेद मराठी श्रोत्यांना परका नाहीं. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. जवळजवळ तीनशें वर्षांच्या नकलांत मूळ ग्रंथांत जें भलतें मिसळलें होतें तें त्यांनीं निवडून काढलें, आणि पुढें कोणीं आपल्या ओंव्या यांत घालूं नयेत असें बजावून ठेवलें. याला म्हणावें शोधन. त्याच नाथांचें भावार्थरामायण युद्धकांडांत अपुरें राहिलें, आणि परंपरा सांगते कीं, त्यांच्या गावबा नांवाच्या शिष्यानें तें शेवटास नेलें. याला म्हणावें पूर्ति. शोधन करणाराचा धर्म, मध्यें आपलें कांहीं न घालणें. पूर्ति करणाराचा धर्म, घातलेलें आपलें आहे हें न लपविणें. 'नाउ अँड देन'मध्यें यंत्रानें केलें तें शोधन. मॅकार्टनी व त्यांचे सहकारी यांनीं केली ती पूर्ति. लोकांनीं भीति बाळगली यंत्राची. परंतु मूळ गाण्यांत जी ढवळाढवळ झाली ती यंत्राच्या हातून झालीच नाहीं, ती माणसांच्या हातून झाली.

आणि ती झाली आहे, हें मान्य केलें पाहिजे. लेनन यांच्या मूळ मुद्रणांत ध्रुवपदाकडे नेणारा एक भाग होता. त्याचे शब्द पुरे जमले नव्हते, तरी त्याची चाल त्यांची स्वतःची होती. प्रसिद्ध झालेल्या गाण्यांत तो भाग नाहीं. त्यामुळें गाणें आटोपशीर झालें असेल; परंतु मूळ लेखकाच्या हातची ओळ पुसण्याचा अधिकार पूर्ति करणाराला कितपत पोंचतो, याचा विचार व्हावयास पाहिजे. वाढविलेलें वेगळें ओळखतां येतें. वगळलेलें ऐकूंच येत नाहीं. म्हणून अपुऱ्या कृतीच्या बाबतींत भर घालण्यापेक्षां छाटणी हीच अधिक जपून करावयाची गोष्ट आहे.

कांहीं टीकाकार असेंहि म्हणतात कीं, जें चौघांनीं एकत्र बसून केलें नाहीं तें बीटल्सचें गाणें कसें? हा आक्षेप मला तितकासा टिकाऊ वाटत नाहीं. १९६५ सालच्या 'येस्टरडे' या त्यांच्या प्रख्यात गाण्यांत चौघांपैकीं एकटे मॅकार्टनीच आहेत. मुंबईकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. जानेवारी १९६८ मध्यें हॅरिसन मुंबईला आले होते, आणि येथील एच. एम. व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यांनीं आपल्या वादकांकडून एक वाद्यसंगीत मुद्रित करून घेतलें. त्यावर गायन चढविलें गेलें तें पुढच्या महिन्यांत, लंडनमध्यें. तें गाणें म्हणजे 'द इनर लाइट'. साथ आणि गायन एका बैठकींत झालेंच नाहीं. तरी तें बीटल्सचें गाणें नव्हे असें कोणी म्हटलेलें नाहीं. निरनिराळ्या ठिकाणीं आणि निरनिराळ्या दिवशीं केलेलीं मुद्रणें एकावर एक रचणें ही या मंडळींची जुनीच रीत होती. १९६८ सालीं त्या थरांमध्यें महिन्याचें अंतर होतें. २०२३ सालीं तें पंचेचाळीस वर्षांचें झालें, एवढेंच.

पण अंतर वाढतां वाढतां एक फरक मात्र असा पडला कीं, तो नुसता संख्येचा राहिला नाहीं. महिन्याच्या अंतरांत गाणारा हयात असतो. त्याला विचारतां येतें. येथें दोघांना विचारतां येत नव्हतें. लेनन यांनीं या गाण्याला हो म्हटलें नव्हतें आणि नाहींहि म्हटलें नव्हतें. हॅरिसन यांनीं मात्र एकदां नाहीं म्हटलें होतें. तें नाहीं कशाला होतें? येथें दोन साक्षी आहेत. मॅकार्टनी यांनीं मागें सांगितलें कीं, जॉर्जनें या गाण्याची कठोर शब्दांत संभावना केली. हॅरिसन यांच्या पत्नी ऑलिव्हिया बाई यांनीं २०२३ सालीं सांगितलें कीं, फितींतील दोष दूर होण्यासारखे नाहींत असें पतीचें मत झालें होतें, आणि आज ते असते तर मनापासून या कामांत सामील झाले असते. पहिली साक्ष खरी धरली तर आक्षेप गाण्यावर होता, आणि तो यंत्रानें दूर होणारा नव्हे. दुसरी खरी धरली तर आक्षेप गुणगुणीवर होता, आणि ती गेली म्हणजे तोहि गेला. इतिहासाचा अभ्यासक येथें सावधच राहील. दोन्ही साक्षी निकटच्या माणसांच्या आहेत, दोन्ही प्रेमानें दिलेल्या आहेत. पण दोन्ही दुसऱ्याच्या तोंडच्या आहेत. तिसरी साक्ष त्या गिटारीची. १९९५ सालीं त्यांनीं ती वाजविली, यावरून आरंभीं तरी गाणें त्यांना हात लावण्याच्या लायकीचें वाटलें होतें, इतकें निघतें. त्याहून अधिक निघत नाहीं.

मग निवाडा काय करावा? माझ्या मतें अशा कामाची परीक्षा तीन कसोट्यांवर व्हावी. ज्यांना त्या कलावंताच्या वतीनें बोलण्याचा अधिकार पोंचतो त्यांची संमति होती काय? ही होती, दोन्ही घरच्या मंडळींनीं ती दिली होती. कोणाच्या हातचें काय हें लोकांना उघड सांगितलें काय? तेंहि सांगितलें. गाण्याच्या आदल्याच दिवशीं बारा मिनिटांचा एक माहितीपट प्रसिद्ध करून सारा वृत्तांत लोकांपुढें ठेवण्यांत आला. आणि तिसरी, मूळ वस्तु मूळ रूपांत शिल्लक राहिली काय? हीच कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा विसर पडण्याचा धोकाहि सर्वांत मोठा. झळझळीत नवी प्रत हातीं आली म्हणजे जुनी, डागाळलेली प्रत अडगळींत जाते. तसें होतां कामा नये. न्यूयॉर्कच्या घरांतील ती गुणगुणणारी फीत, तिच्यांतल्या चांचपडत्या शब्दांसह आणि पुढें वगळलेल्या भागासह, जपून ठेविली पाहिजे आणि अभ्यासकाला ऐकावयास मिळाली पाहिजे. नव्या गाण्यानें तिची जागा घेऊं नये, तिच्याशेजारीं बसावें.

श्रोतेहो, हें गाणें आपण ऐकाल तेव्हां एका बैठकींत गाइलेलें गाणें म्हणून ऐकूं नका. अनेक हातांनीं लिहिलेली जुनी पोथी आपण जशी वाचतों, शाई कोठें बदलली, अक्षराचें वळण कोठें बदललें तें पाहत, तसें तें ऐका. मधला एकाकी आवाज सदतीस वर्षांच्या लेनन यांचा आहे, सुमारें १९७७ सालचा. बाजूची गिटार हॅरिसन यांची, १९९५ सालची. मागून येणारे कोवळे स्वर पंचविशींतल्या तरुणांचे आहेत. आणि बासचा भारदस्त ठेका ऐंशीच्या घरांत पोंचलेल्या मॅकार्टनी यांचा आहे. पंधराव्या वर्षीं जत्रेंत भेटलेल्या मित्राला तो साथ देत आहे. चौघांचीं वयें एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि तें लपविण्याचें कारणहि नाहीं. मेलेल्याला जिवंत करून दाखविण्याचा आव या गाण्यानें आणला असता तर तें खोटें ठरलें असतें. दोघे गेले आहेत आणि दोघे मागें राहिले आहेत, ही गोष्ट न झांकतां तें उभें आहे, म्हणून मला तें खरें वाटतें.